कराची पावती आणि मालकीचा पुरावा

घराचे कागद म्हटले की बहुतेक कुटुंबांत कपाटातील एक जुनी पिशवी बाहेर निघते. तीत नगरपालिकेच्या कराच्या पावत्या, वीजबिले, एखादा जीर्ण उतारा आणि क्वचित खरेदीखताची झेरॉक्स प्रत असते. ही पिशवी म्हणजेच घराची मालकी, असा सर्वसाधारण समज आहे. कर्जासाठी शाखेत आल्यावर मात्र या समजाला पहिला धक्का बसतो.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण येथे बोलके ठरावे. मुलाच्या लोखंडी दारे-खिडक्यांच्या छोट्या कारखान्यास भांडवल हवे होते आणि त्यासाठी राहते घर तारण देण्याची गुरुजींची तयारी होती. गेल्या पंचवीस वर्षांच्या मालमत्ता कराच्या पावत्या त्यांनी वर्षवार लावून आणल्या होत्या. एकही हप्ता थकलेला नव्हता. पावत्यांवर त्यांच्या वडिलांचे नाव होते. अधिकाऱ्यांनी मिळकत पत्रिका मागितली, ती निघाली आजोबांच्या नावावर. "गुरुजी, या पावत्यांवरून घर आपण सांभाळले हे दिसते, ते एकट्या आपले आहे, हे दिसत नाही," असे अधिकाऱ्यांना सांगावे लागले.

ही अडचण समजून घ्यावयाची तर कोणता कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडे मालकी, महसूल आणि स्थानिक कर यांची दप्तरे तीन निरनिराळ्या कार्यालयांत आहेत. एका दप्तरातील नाव बदलले म्हणजे उरलेल्या दोन दप्तरांतील नाव आपोआप बदललेच, असे समजून चालत नाही.

महसुली दप्तर : सातबारा आणि मिळकत पत्रिका

शेतजमिनीचा सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा. सातमध्ये अधिकारांची नोंद, तर बारामध्ये पिकांची. एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र पाहावयाची असल्यास आठ-अ चा खाते उतारा घ्यावा लागतो. या पद्धतीचे मूळ जमीन मोजणीत आहे. १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी व आकारणीची जी घडी बसविली, तिचा हेतू सारा किती आणि तो कोणाकडून वसूल करावयाचा, हे ठरविणे हा होता. मालक कोण, हा वाद मिटविणे हा नव्हे. हा मूळ हेतू ध्यानात घेतला की सातबाऱ्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्हींचा उलगडा होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हे गृहीतक मोलाचे खरे, पण ते गृहीतकच. फेरफार नोंदीमुळे मालकी हक्क निर्माण होत नाही व संपुष्टातही येत नाही, ती नोंद महसुली प्रयोजनापुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून अनेकवार सांगितले असून २०२१ मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे.

तरीही सातबारा बारकाईने वाचणाऱ्यास तो पुष्कळ काही सांगतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात एखाद्या नावाभोवती कंस असेल, तर पुढील फेरफाराने ते नाव कमी झाले असे समजावे. नावाशेजारच्या वर्तुळातील आकडा हा त्या फेरफाराचा क्रमांक. त्यावरून गाव नमुना ६ मधील मूळ नोंद काढून ते नाव खरेदीने लागले, वारसाने की वाटणीने, हे पाहता येते. नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसली, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची व्यवस्थापक म्हणून नोंदलेली आहे. उताऱ्यावर न दिसणारे इतर हक्कदार तिच्या पाठीमागे उभे आहेत, हे विसरू नये. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असल्यास जमिनीच्या हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. आणि 'इतर अधिकार' हा रकाना तर कधीही न वाचता सोडू नये, कारण कुळाचा हक्क, विहिरीतील हिस्सा, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम हे सारे तेथेच असते. खरेदीदार वरचे नाव वाचून समाधान पावतात आणि खरी गोष्ट खालच्या बाजूस राहून जाते.

नगर भूमापन झालेल्या हद्दीत सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिका, म्हणजे लोकांच्या तोंडचे प्रॉपर्टी कार्ड, घेते. ती भूमि अभिलेख खात्याकडे असते. तीत नगर भूमापन क्रमांक, चौरस मीटरमधील क्षेत्र, सत्ता प्रकार, धारकाचे नाव आणि वेळोवेळी झालेले व्यवहार तारखेनिशी नोंदलेले असतात. गावठाणातील घरांना मात्र अनेक ठिकाणी अशी पत्रिकाच नव्हती; ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हाच एकमेव आधार होता. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असल्यास क्षेत्र व नाव प्रत्यक्षाशी पडताळून, चूक असल्यास वेळीच हरकत घेणे हिताचे ठरते.

उतारे मिळविणे आता पूर्वीसारखे कष्टाचे राहिलेले नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. केवळ माहितीसाठी दिसणारा विनास्वाक्षरी उतारा आणि शुल्क भरून मिळणारा स्वाक्षरीचा उतारा यांत फरक आहे. बँकेत दुसराच चालतो.

नोंदणीचे दप्तर

मालकीचे हस्तांतरण ज्या दस्ताने होते, तो दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला असतो. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते. केवळ कुलमुखत्यारपत्र, साठेकरार आणि मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा 'सूची क्रमांक २' मध्ये मिळतो: लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्र. बँकेचे वकील तीस वर्षांचा शोध मागतात, त्यावर ग्राहक काहीसे चिडतात. परंतु गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार तीस वर्षांची आहे, हे त्यामागील एक कारण होय. याखेरीज बँका व वित्तसंस्थांकडील तारणांची नोंद २०११ पासून केंद्रीय नोंदणी संस्थेत, म्हणजे सरसाईमध्ये, होते. शुल्क भरून कोणासही तेथे शोध घेता येतो, हे फार थोड्या खरेदीदारांना ठाऊक असते.

कराचे दप्तर

मालमत्ता कर हा स्थानिक संस्थेचा कर. राज्यातील बऱ्याच महापालिकांत तो वार्षिक करपात्र मूल्यावर आकारतात. घर भाड्याने दिले असता वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज बांधून त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात. दरमहा ५,००० रुपये भाडे धरल्यास वर्षाचे ६०,०००. वजावटीनंतर ५४,००० हे करपात्र मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, वृक्ष उपकर, राज्याचा शिक्षण कर अशा बाबी टक्केवारीने लागतात. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. तेथे बाजारमूल्याचा दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर हे घटक पाहिले जातात. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पावती म्हणजेच मालकी मानणाऱ्यांनी अशा घरांच्या मालकांनी काय करावे, याचाही विचार करून पाहावा!

कराच्या दप्तरास हवी असते ती वसुलीसाठी जबाबदार व्यक्ती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात, ते याचमुळे. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो, आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. उलट बाजूने पाहता, थकलेला कर हा त्या मिळकतीवरच बोजा असतो. जमीन महसुलाचे देणे वगळता तो इतर देण्यांच्या आधी येतो. घर विकत घेणाऱ्याच्या माथी मागील थकबाकी येते ती त्यामुळे. म्हणूनच बँक चालू वर्षाची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागते. विक्री करणाऱ्यानेही हस्तांतरणाची लेखी सूचना पालिकेस द्यावयास हवी, अन्यथा कराची जबाबदारी त्याच्याच नावावर राहू शकते.

राज्याबाहेरील मराठी ग्राहकांना नावे वेगळी आढळतील. गोव्यात शेतजमिनीसाठी नमुना १ व १४, मध्य प्रदेशात खसरा आणि बी-१, गुजरातेत आपल्यासारखाच सातबारा. कर्नाटकातील शहरी 'खाता' हा मूलतः कराच्या दप्तरातील उतारा असूनही त्यालाच मालकीपत्र समजण्याची चूक तेथेही सर्रास होते.

गुरुजींच्या घरात नेमके काय घडले होते? आजोबांनी ते घर स्वकष्टाने घेतले होते. १९७४ साली ते वारले, तेव्हा वडिलांनी पालिकेत अर्ज देऊन कराच्या नोंदीत आपले नाव लावून घेतले. मिळकत पत्रिकेकडे कोणी वळले नाही. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मुलगा आणि दोन्ही मुली समान वारस होत्या. सबब घरातील एक तृतीयांश हिस्साच वडिलांकडून गुरुजींकडे आला होता. उरलेले दोन हिस्से आत्यांचे होते. कुटुंबात यावरून कधी वाद झाला नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच कोणी कागद पाहिला नव्हता.

थोरल्या आत्या शेजारच्या गावी होत्या. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले. धाकट्या आत्या हयात नव्हत्या. त्यांची दोन्ही मुले इंदूरला स्थायिक झालेली. "आईचे एवढेच तेथे उरले आहे, ते सोडावेसे वाटत नाही," असे त्यांनी कळविले. गुरुजींना ते काहीसे लागले, परंतु त्यांनी आग्रह धरला नाही. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि हक्कसोडपत्र जोडून उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे अर्ज झाला. नोटिसा निघाल्या, हरकतीची मुदत सरली आणि आठ महिन्यांनी नवी पत्रिका हाती आली. कारखान्याची पहिली मोठी मागणी तोवर दुसरीकडे गेली होती. नव्या पत्रिकेवर गुरुजींच्या जोडीला इंदूरच्या दोन्ही भावंडांची नावे होती. ती दोघे एका सोमवारी सकाळच्या गाडीने आली, तिघांनी सहमालक म्हणून तारणाच्या कागदांवर सह्या केल्या आणि कर्ज मंजूर झाले. कराच्या नोंदीतही तिन्ही नावे लावण्याचा अर्ज गुरुजींनी त्याच दुपारी पालिकेत दिला.