मनगटावरचे आतले दार

टॉन्सिल काढण्याची किंवा डोळ्यांचा तिरळेपणा दूर करण्याची शस्त्रक्रिया आटोपते. मूल हळूहळू शुद्धीवर येते, आईचा हात चाचपते आणि घोटभर पाणी घेण्याआधीच त्याला उमासे येऊ लागतात. जबलपूरजवळच्या खमरियाची वसाहत असो वा सोलापूरची एखादी पेठ, रुग्णालयातील हे दृश्य सारखेच असते. भुलीचे वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामके मेंदूतील उलटीचे केंद्र चाळवतात, म्हणून असे घडते. तीन वर्षांपेक्षा मोठ्या मुलांत हा त्रास प्रौढांपेक्षा अधिक आढळतो. मोठ्यांना ही बाब किरकोळ वाटते. परंतु वारंवार उलट्या झाल्यास टाक्यांवर ताण पडतो, शरीरातील पाणी कमी होते आणि घरी जाण्याचा दिवस लांबतो.

यावर औषधे आहेतच. ऑन्डान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन ही त्यांपैकी प्रमुख होत. मात्र चिनी वैद्यकात मनगटाच्या आतील बाजूचा एक बिंदू फार पूर्वीपासून मळमळीसाठी योजला जातो. त्याचे नाव 'नेइग्वान', म्हणजे आतले दार. मनगटाच्या घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये तो सापडतो. मुलाच्या बाबतीत बोटे मुलाचीच मोजावयाची, मोठ्यांची नव्हे!

या विद्येचा भारताशी संबंध एका जुन्या मैत्रीतून जुळला. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केले.

या बिंदूची आधुनिक कसोटी १९८६ मध्ये बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ डंडी यांनी प्रौढ स्त्रियांवर घेतली. मुलांचा प्रश्न वेगळा, कारण सुई दिसताच मूल रडते. म्हणून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिरळेपणाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ४० मुलांच्या या बिंदूवर सुईऐवजी लेसर किरण वापरले गेले. उपचार मिळालेल्या मुलांपैकी २५ टक्के मुलांना उलट्या झाल्या. नुसता देखावा केलेल्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होते. आकडे मोठे आशादायक आहेत, पण मुले थोडी होती. शिवाय १९९९ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेवरील दुसऱ्या अभ्यासात सुई व दाब यांचा काहीच लाभ दिसला नाही. २०१५ मध्ये ५९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. हा उपाय दिखाऊ उपचारापेक्षा सरस आणि औषधांच्या बरोबरीचा ठरला. तथापि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही आढावाकारांनी नोंदवले.

तेव्हा सुईने औषधाची जागा घेतली, असे म्हणणे घाईचे ठरेल. भूल दिल्यावर, मूल झोपेत असतानाच सुई टोचता येते. ती निर्जंतुक व एकदाच वापरण्याची असावी. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे उपचारकाची नोंदणी विचारण्यात संकोच नको. मुलाला पूर्वी शस्त्रक्रियेनंतर किंवा आईवडिलांपैकी कोणाला भुलीनंतर उलट्या झाल्या असतील, तर ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे. ही माहिती कागदपत्रांत क्वचितच असते. ती आईलाच ठाऊक असते.