अनामत ही अमानत आहे : घर सोडतानाची पाहणी आणि भाडेकरूचा हक्क

भाड्याच्या घराचा कोणताही मराठी कागद हाती घ्या. करार, मालक, हक्क, ताबा, जामीन आणि अनामत हे सारे शब्द अरबीतून आपल्या मराठीत आले आणि येथेच नांदले. त्यांतील ‘अनामत’ म्हणजे मूळची ‘अमानत’. अक्षरांची अदलाबदल झाली, तरी अर्थ बदलला नाही. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांच्या स्वाधीन करण्याचा आदेश आहे आणि त्याच आयतीत, लोकांमध्ये निवाडा करावयाचा झाल्यास तो न्यायाने करा, असेही फर्मावले आहे. घर सोडण्याच्या दिवशी या दोन्ही आज्ञा एकाच उंबरठ्यावर येऊन उभ्या राहतात. भाडेकरूच्या हाती मालकाचे घर असते आणि मालकाच्या हाती भाडेकरूची रक्कम.

या विषयावर लिहिण्यास मी प्रवृत्त झालो, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. आमच्या मशिदीत नमाजला येणाऱ्या एका रिक्षाचालकाने तीन वर्षे राहिलेली खोली सोडली. अनामत साठ हजार रुपये होती. मालकही नमाजी, हज केलेले गृहस्थ. त्यांनी रंगाचे चौदा हजार, न्हाणीघरातील फरशीचे पाच हजार आणि भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांचे तीन हजार असे बावीस हजार कापण्याचे ठरविले. उरलेली रक्कम ‘नवा भाडेकरू आल्यावर’ देऊ म्हणाले. इशानंतर तो भाऊ माझ्याकडे आला. मी त्याला सब्र करण्यास सांगितले, सब्राची फजीलत सांगितली आणि घरी पाठविले. महिन्याभराने कळले की, नव्या खोलीची अनामत भरण्यासाठी त्याने पत्नीच्या बांगड्या व्याजावर गहाण टाकल्या आहेत. ज्याचा हक्क अडला होता त्याला मी सब्र शिकविला आणि ज्याने अडविला होता त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. याला निवाडा म्हणत नाहीत.

नंतर मी दोघांना घेऊन त्या खोलीत गेलो. तेथे जे दिसले ते पुढे सांगतो. त्याआधी शरियतने भाडेकरूचे स्थान काय ठरविले आहे ते पाहू.

फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. भाडेकरू घर विकत घेत नाही. घराचा उपयोग ठरावीक मुदतीसाठी विकत घेतो. मुदतभर ते घर त्याच्या हाती अमानत असते. अमानतदारावर भरपाई केव्हा येते? त्याने मर्यादा ओलांडली किंवा निष्काळजीपणा केला तरच. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी कायद्याचे जे संकलन ‘मजल्ला’ या नावाने सिद्ध झाले, त्याच्या ६००व्या कलमात हाच नियम आहे. राहण्यासाठी घेतलेल्या घरात राहिल्यामुळे जी झीज होते, तिचे मोल भाड्यातच आलेले असते. ते मोल अनामतीतून पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदा घेणे होय.

आपले फुकहा या बाबतीत किती बारकाईने विचार करीत, हे पाहून आश्चर्य वाटते. इमाम कुदूरी लिहितात की, राहण्यासाठी घेतलेल्या घरात भाडेकरू सर्व नित्य कामे करू शकतो. मात्र लोहारकाम, धोब्याचे कपडे आपटण्याचे काम व पिठाची चक्की ही कामे नाहीत, कारण त्यांनी इमारत खिळखिळी होते. ‘अद्दुर्रुल मुख्तार’मध्ये तर घरात खुंटी ठोकण्याची मुभा स्पष्ट शब्दांत आली आहे. खिळ्यांचे तीन हजार मागणाऱ्या हाजीसाहेबांना मी ही इबारत दाखविली, तेव्हा ते प्रथमच हसले. छप्पर, पन्हाळ, पाझरणारी भिंत यांची दुरुस्ती घरमालकाकडे. भाडेकरूच्या राहण्यामुळे साचलेला केरकचरा काढून घर झाडून देणे भाडेकरूकडे, अशीही वाटणी फिकहच्या ग्रंथांत केलेली आहे. देशाचा कायदा याहून वेगळे सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेपट्टेदाराने मालमत्ता ताब्यात घेतली तशा स्थितीत परत करावयाची असते. मात्र वाजवी वापराने झालेली झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीने झालेला बदल यांतून वगळलेला आहे.

आता त्या खोलीकडे वळू. भिंतीचे पोपडे निघाले होते, पण ओल गच्चीवरून उतरली होती. वरच्या मजल्याच्या जिन्यातही तीच ओल होती. हा दोष भाडेकरूचा नव्हे. न्हाणीघरातील दोन फरश्या मात्र खरोखर तडकलेल्या होत्या. मी विचारताच त्या भावाने स्वतःहून सांगितले की, पत्नीच्या हातून वरवंटा धुताना निसटला होता. ही भरपाई त्याच्यावर होती. परंतु भरपाई दोन फरश्यांची. साऱ्या न्हाणीघराची नव्हे. मिस्त्रीला बोलावून विचारले, तेव्हा मजुरीसह बाराशे रुपये सांगितले. येथे आणखी एक नियम लक्षात ठेवावा. मोडलेली वस्तू जुनी असेल तर तिचे त्या दिवशीचे मोल देय होते. दहा वर्षे फिरलेल्या पंख्याच्या बदल्यात नव्या पंख्याची किंमत मागणे हा व्यवहार नव्हे. विजेचे सहाशे चाळीस रुपये बाकी होते, तेही वजा झाले. साठ हजारांतून अठ्ठावन्न हजार एकशे साठ रुपये त्याला मिळाले. बांगड्यांवरचे व्याज मात्र कोणी परत करू शकले नाही.

पाहणी कशी करावी, हे या प्रसंगाने मला शिकविले. ती दोघांच्या उपस्थितीत, सामान निघाल्यावर पण चावी देण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात व्हावी. मालकाने एकट्याने नंतर जाऊन काढलेली यादी हा केवळ दावा असतो आणि दाव्याचा पुरावा दावा करणाऱ्याने द्यावयाचा, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घालून दिलेला नियम आहे. पुरावा नसेल तर अमानतदाराचे म्हणणे त्याच्या शपथेवर ग्राह्य धरले जाते. म्हणूनच खरी पाहणी घर सोडताना नव्हे, तर घरात शिरतानाच सुरू होते. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे, लहान असो वा मोठे, लिहून ठेवण्यास कंटाळू नका असे फर्मावले आहे. राहावयास येताच भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा, दारांचे कडीकोयंडे, पंखे यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात; मोबाइलवर छायाचित्रे काढून एकमेकांना पाठवावीत; वीजमीटरचा आकडा लिहावा. जाताना तीच यादी पुन्हा वाचावी. काही कापावयाचे असल्यास कशाचे किती, ते लिहून द्यावे आणि घेणाऱ्याने पावती मागावी. आपल्या लोकांना वाटते की, ओळखीच्या माणसाकडे लिहिलेले मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे. ज्या ग्रंथाने लिहून ठेवावयास सांगितले, त्याला आपल्या ओळखी ठाऊक नव्हत्या काय?

रंगाविषयी वाद सर्वाधिक होतात. ‘जाताना रंगाचे एका महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे करारात आरंभीच, ठरावीक रकमेसह लिहिलेले असेल आणि भाडेकरूने ते समजून मान्य केले असेल, तर तो भाड्याचाच एक भाग समजता येईल. परंतु करारात ज्याचा उल्लेखही नाही ते शेवटच्या दिवशी ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ म्हणून कापणे हे सूरह बकराच्या १८८व्या आयतीत ज्यास मनाई केली आहे, त्या बातिल मार्गाने दुसऱ्याचे धन खाण्यात मोडते. मुदतीआधी घर सोडले म्हणून पूर्ण अनामत जप्त करण्याची अटही अशीच. ठरलेल्या नोटिशीच्या काळाचे भाडे मागणे वाजवी आहे. दंड म्हणून माणसाची पुंजी गिळणे नव्हे.

अनामतीची रक्कम मालक पेटीत बांधून ठेवीत नाही, वापरतो. आणि भाडेकरूलाही ते ठाऊक असते. म्हणून आपल्या उलमांनी तिला व्यवहारतः कर्ज मानले आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, ती परत करणे ‘नवा भाडेकरू येण्या’वर अवलंबून ठेवता येत नाही. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे हदीसमध्ये आले आहे. दुसरा परिणाम अनेकांना कडू लागेल. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ‘हेवी डिपॉझिट’चा जो प्रकार चालतो, ज्यात मोठी रक्कम देऊन भाडे शून्य किंवा नाममात्र ठेवले जाते, त्यात कर्ज देणारा कर्जाच्या बदल्यात घराचा लाभ घेतो. कर्जाने खेचून आणलेला लाभ म्हणजे रिबा, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. येथे दोषी भाडेकरूही ठरतो. गरजेने केले, असे तो म्हणतो. गरज कोठे संपते आणि सोय कोठे सुरू होते, हे त्याने एकांतात स्वतःला विचारावे.

कायद्याचे चार शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्याच कायद्याचे कलम ३१ घेतलेल्या रकमेची पावती देणे सक्तीचे करते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे सुचविले आहे; पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे, हे विसरू नये. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. पती परदेशी असलेल्या किंवा वैधव्य आलेल्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

अनामत अडली म्हणून मुदत संपल्यावर घरच अडवून बसू नका. कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागितली जाऊ शकते. चावी आणि रक्कम एकाच बैठकीत द्यावी-घ्यावी, हे सर्वांत बरे. शेवटचे दोन महिने भाडे न देता ‘डिपॉझिटमधून घ्या’ म्हणणेही मालकाच्या संमतीवाचून योग्य नाही. आणि ओट्याखालची तडकलेली फरशी पाहणीच्या वेळी पायपुसण्याने झाकणाऱ्याने ती हदीस आठवावी, ज्यात पैगंबर (स.) सांगतात की, बोलण्यात पटाईत असलेल्याच्या बाजूने मी निर्णय दिला आणि हक्क दुसऱ्याचा असला, तर त्याला मी आगीचा तुकडाच दिला. हा इशारा दोन्ही पक्षांना आहे.

एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. घरमालकाचा इंतकाल झाला आणि मुले म्हणतात, ‘अब्बांनी घेतले, आम्हाला काय ठाऊक.’ सूरह निसाच्या ११व्या आयतीनुसार वारसांच्या वाटण्या वसियत आणि कर्ज फेडल्यानंतरच होतात. भाडेकरूची अनामत हे त्या मृताचे कर्ज आहे. ती घरातील मिळकतीतून आधी बाजूला काढावी आणि मग हिस्से मांडावेत. वडिलांच्या कागदांत पावती सापडली नाही, तर भाडेकरूला बोलावून त्याच्याकडची प्रत पाहावी. त्याने येऊन मागण्याची वाट पाहू नये.