कांदा काढणीच्या आठवड्यात अंदाज कुणाचा धरायचा?



उन्हाळ कांद्याच्या माना पडायला लागल्यात आणि ऑफिसला फोन सुरू झालेत. बहुतेकांचा प्रश्न एकच: "एक ॲप पाऊस दाखवतंय, दुसरं कडक ऊन. कुणाचं खरं धरायचं?" म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण काढणीआधी वाचा.

कांदा उपटल्यावर पातीसकट तीन ते पाच दिवस वाफ्यात सुकवायचा, पहिल्या ओळीचे कांदे पुढच्या ओळीच्या पातीने झाकायचे, मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची, हे आपण सगळे करतो. अडचण त्या तीन-पाच दिवसांची आहे. जमिनीत उभा कांदा एखादी सर सोसतो. उपटलेला, अर्धवट सुकलेला कांदा भिजला की मानेत पाणी राहतं आणि सड दिसते ती दोन महिन्यांनी, चाळीत. म्हणजे "उद्या पाऊस आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "पुढचे चार दिवस कोरडे जातील का?" हे विचारायला हवं.

*आधी लोकेशन बघा.* गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाने फोनमधल्या अंदाजावर भरवसा ठेवून दीड एकर उपटला. तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. नंतर फोन बघितला तर ॲपमध्ये लोकेशन 'पुणे' होतं, आणि रान शिरूर तालुक्यात! अंदाज पुणे शहरासाठी कदाचित बरोबरही असेल, पण त्यांच्या काय कामाचा? आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगर आणि पूर्वेला कोरडा पट्टा. जुन्नरचं आभाळ आणि इंदापूरचं आभाळ एक नसतं. लोकेशन आपल्या गावाचं टाका, आजच.

*सरकारी अंदाज कुठून येतो?* हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. शेतीसाठीचा वेगळा विभाग १९३२ पासून इथेच आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक निघतं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढग असतात. मेघदूत ॲपवर ते मराठीत वाचता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीनुसार अंदाजही मेरी पंचायत ॲपवर मिळतो. मात्र गावाचं नाव दिसलं म्हणजे गावात यंत्र बसवलंय असं नाही. तो संगणकाने काढलेला आकडा असतो.

पत्रक वाचताना नुसता पावसाचा रकाना बघू नका. ढग आठपैकी किती, ते लिहिलेलं असतं. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं. ढग एक-दोनवरून पाच-सहावर चाललेत आणि आर्द्रताही वाढतेय, तर पाऊस शून्य लिहिलेला असला तरी सगळा प्लॉट एकदम उपटू नये, असं आमचं मत.

आणखी एक घोटाळा शब्दांचा. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे थोडा पाऊस, असा अर्थ बरेच जण घेतात. तसं नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. पण जिथे पडेल तिथे जोरदारही पडू शकतो. "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त ते पाऊण. त्याचप्रमाणे ॲपवरचे ३० टक्के ही पाऊस पडण्याची शक्यता आहे. किती पडेल ते मिलिमीटरमध्ये वेगळं बघायचं.

*मग भरवशाचा कोण?* हे आम्ही सांगण्यापेक्षा तुमची वही सांगेल. दोन किंवा तीन स्रोत निवडा, जास्त नको. रोज रात्री आठ वाजता प्रत्येकाचा उद्याचा अंदाज लिहा आणि दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते शेजारी लिहा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला आणि पट्टीने पाणी मोजलं तरी पुरतं.

हिशोब करताना मात्र फसू नका. समजा महिन्याच्या ३० दिवसांत तीनच दिवस पाऊस झाला. पहिलं ॲप रोज "कोरडं" म्हणत राहिलं, तर ते ३० पैकी २७ दिवस बरोबर! दुसऱ्याने सात दिवस पाऊस सांगितला. त्यात ते तिन्ही दिवस आले, चार दिवस खोटा इशारा झाला. ते २६ दिवस बरोबर. आकड्यात पहिलं पुढे, पण त्याने एकही पाऊस सांगितला नाही. म्हणून कोरड्या दिवसांचे मार्क देऊच नका. दोनच गोष्टी मोजा: पाऊस आला आणि सांगितला नव्हता, असं किती वेळा, आणि सांगितला पण आला नाही, असं किती वेळा.

यातलं काय महाग पडतं, ते कामावर अवलंबून आहे. खोट्या इशाऱ्याने मजुरांचा खाडा होतो, काढणी दोन दिवस पुढे जाते. न सांगितलेल्या पावसाने चाळच जाते. काढणीसाठी म्हणून चार वेळा उगाच घाबरवणारा चालेल, पण एकदा गप्प बसणारा नको.

मार्च-एप्रिलचा पाऊस दुपारच्या उष्णतेने ढग चढून येतो. तो नेमका कोणत्या शिवारात पडेल हे तीन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. पाच दिवसांच्या पत्रकावरून काढणीचा आठवडा ठरवा, आदल्या संध्याकाळच्या अंदाजावरून उद्या किती उपटायचा ते ठरवा आणि कांदा रानात असेपर्यंत रोज दुपारी खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघा. विजेसाठी पाषाणच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. ताडपत्री बांधावर हवी, घरी नाही.

"अमुक तारखेला गारपीट होणारच" असं वीस दिवस आधी सांगणारे व्हिडिओ फिरतात. खातंसुद्धा इतक्या लांबचं सांगताना दर गुरुवारी आठवड्याचा साधारण कल देतं, तारीख देत नाही. ज्या मेसेजवर तारीख नाही, कुणी काढला ते नाही, तो पुढे ढकलू नका.

काढणीला अजून १० ते १५ दिवस असतील तर पाणी तोडताना वही सुरू करा. दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की पानाचा फोटो गावाच्या नावासह ऑफिसच्या नंबरवर पाठवा. आम्ही तालुक्यानुसार एकत्र करून इथेच टाकू. 🧅