खा-खा सुटते तेव्हा

या महिन्याचा आरोग्य पाठ (गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा, शेवटी चर्चा करावी)



या वेळचा पाठ एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे.

मागच्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात मी गटाच्या बैठकीत आरोग्यावर बोलले. सोबत वजनकाटा नेला होता. ज्यांचं वजन जास्त भरलं त्यांना मी बिनधास्त सांगून टाकलं, "गोड बंद करा, एक वेळचं जेवण सोडा, मन घट्ट करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांनी परत गेले तेव्हा एका ताईंनी मला चहाला घरी नेलं. घरात दुसरं कोणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या,

"मॅडम, तुमचं ऐकलं मी. दिवस चहावर काढते. पण रात्री सगळी निजली की मला खा-खा सुटती. उरलेल्या भाकरी, टोपातला भात, पोरांचा बिस्किटाचा पुडा, वर गूळ-शेंगदाणे. उभ्या उभ्याच खाते. पोट दुखायला लागतं तरी हात थांबत नाही. मग रडू येतं. सकाळी ठरवते, आज काही म्हणजे काही खायचं नाही. आणि रात्री परत तेच. माझ्यातच काहीतरी खोट आहे बघा."

मला काही बोलताच येईना. कारण हे मला ऐकून नाही, अनुभवून माहीत होतं. समाजकार्याचं शिक्षण घेताना मी पुण्यात वसतिगृहात राहत होते. बारीक व्हायचं म्हणून सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण टाळायचे आणि रात्री फरसाणाचं अख्खं पाकीट पांघरुणात बसून संपवायचे. रिकामं पाकीट दुसऱ्याच्या कचऱ्यात टाकायचे. कोणाला सांगितलं नाही. तरीही मी त्या बैठकीत तोच सल्ला दिला, ज्यानं माझं स्वतःचं वाटोळं केलं होतं. म्हणून हा पाठ लिहिते आहे.

हे नक्की काय आहे?

सणाला चार पुरणपोळ्या जास्त झाल्या, लग्नात जिलेबी हाणली, याला आजार म्हणत नाहीत. शेंगोळ्या किंवा मासवडीचा बेत असला की दोन घास जास्त जातातच. कांदा काढायला दिवसभर वाकून आलेल्या बाईला भूकही जास्तच लागणार.

आपण बोलतोय ते वेगळं आहे. थोड्या वेळात नेहमीपेक्षा खूपच जास्त खाल्लं जातं आणि "आता थांबावं" असं वाटूनही थांबता येत नाही. भराभर खाल्लं जातं, भूक नसताना खाल्लं जातं, पोट तडस लागेपर्यंत खाल्लं जातं. लाज वाटते म्हणून लपून खाल्लं जातं आणि नंतर स्वतःचीच किळस येते. असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत राहिलं, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. २०१३ पासून मानसिक आजारांच्या जागतिक पातळीवर वापरल्या जाणाऱ्या एका यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे.

गावात अशा बाईला "अधाशी" म्हणतात, "भस्म्या झालाय" म्हणून हसतात. म्हणून ती बोलत नाही. आणि हे फक्त जाड बायकांना होतं असंही नाही. अगदी काटकुळ्या बाईलाही होतं.

छत्तीस तरुणांची गोष्ट

१९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ३६ धडधाकट तरुण आपणहून तयार झाले. सहा महिने त्यांना निम्म्या पोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्याने घटलं.

पण खरी गोष्ट मनाची आहे. ही मुलं दिवसरात्र फक्त खाण्याचा विचार करू लागली. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड वाढली, उदासी आली. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःला दोष देत बसले. प्रयोग संपून भरपूर अन्न मिळू लागलं, तेव्हा काहीजण पोट गच्च भरलं तरी खातच राहिले. कितीतरी आठवडे त्यांची भूक भागल्यासारखी वाटतच नव्हती.

ही मुलं अधाशी नव्हती. प्रयोगाआधी त्यांना असं काही होत नव्हतं. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. अन्न दिसलं की ते म्हणतं, "आत्ताच खाऊन घे, पुन्हा मिळेल का नाही कोण जाणे."

आपण बायका उपाशी कधी राहतो?

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात अन्न आहे, आम्ही कुठे उपाशी? चला, एक दिवस मांडून बघू.

पहाटे उठून चहा. डबे, जनावरं, धुणं. आठला पिकअप येते, म्हणून न खाताच टोमॅटो तोडायला किंवा कांद्याच्या लागणीला. दुपारी दीडला फडक्यातली भाकरी, तीही घाईत. संध्याकाळी घरी आलं की परत चहा. मग स्वयंपाक. आधी पोरं, मग पुरुष, मग सासू-सासरे, आणि साडेनऊ-दहाला आपण. दुपारची भाकरी आणि रात्रीचं जेवण यात आठ तास गेले. त्यातून भाजी संपलेली असते, मग चटणी-भाकरी. वर "वाया कशाला घालवायचं" म्हणून पोरांच्या ताटातलं उरलेलं.

त्यात उपास. आपल्याकडे एका बाजूला लेण्याद्री, एका बाजूला ओझर, त्यामुळे संकष्टी घरोघरी असते. चंद्र उगवेपर्यंत पोटात चहा आणि वाटीभर साबुदाणा. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळ भाग, त्यात प्रथिनं अगदी कमी. म्हणून खाल्ल्यावर थोड्याच वेळात परत कावळे ओरडतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपण जास्त खातोय असं वाटत असलं, तरी अंगाला लागतं ते कमीच.

आता आपल्या गटाच्या भाषेत सांगते. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरला तर जड जात नाही. चार हप्ते थकवले की एकदम दंडासकट वसूल होतो. पोटाचंही तसंच आहे. सकाळचा आणि दुपारचा हप्ता थकवला, की रात्री पोट दंडासकट वसूल करतं. मग आपण म्हणतो, "रात्री माझं मन कच्चं पडतं." पण गडबड सकाळीच झालेली असते.

काय करायचं?

ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या त्रासावर कितीतरी वर्षं काम केलं. त्यांच्या पद्धतीत "कमी खा" हे पहिलं पाऊल नाही. पहिली पावलं दोन: नोंद ठेवा आणि वेळेवर खा. मी ती आपल्या दिवसाला बसतील अशी मांडली आहेत.

१. नोंद ठेवा. दुधाचा हिशोब आपण कॅलेंडरवर लिहितोच. तिथेच, ज्या दिवशी खा-खा सुटली त्या तारखेला एक टिंब द्या. लिहिता येत असेल तर शेजारी तीन गोष्टी लिहा: किती वाजले होते, त्याआधी कधी खाल्लं होतं, मनात काय चाललं होतं. महिनाभरात तुमचं तुम्हालाच दिसेल की टिंबं कुठे जमतात. उपासाच्या दिवशी? हप्त्याच्या आदल्या रात्री? पाळीच्या आधी? भांडण झाल्यावर?

२. चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवू नका. तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा थोडं. सकाळी चहासोबत अर्धी भाकरी, कालची असली तरी चालेल. साडेदहाला बांधावर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. दुपारी भाकरी-भाजी आणि त्यासोबत आमटी किंवा उसळ. पाचला केळं, पेरू नाहीतर उकडलेलं अंडं. रात्री साडेआठच्या आत जेवण. सुरुवातीला "एवढं खाल्लं तर वजन वाढेल" अशी भीती वाटते. मलाही वाटली होती. पण रात्रीचं खाणं आपोआप कमी होतं.

३. रात्री सगळ्यांबरोबर ताटावर बसा. भाकरी करतानाच स्वतःचं ताट वाढून ठेवा. सगळं एकदम नाही जमलं तर आठवड्यातून दोन दिवस तरी. सासूबाई काय म्हणतील याची काळजी असेल, तर हा पाठ त्यांनाही वाचून दाखवा. त्यांनीही आयुष्यभर शेवटीच खाल्लंय.

४. उपास करायचा तर पोटाला धरून करा. देवावरच्या श्रद्धेत मी पडत नाही. पण नुसत्या चहावर राहू नका. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळं, दूध, ताक, केळं यातलं काहीतरी दर तीन-चार तासांनी घ्या. उपास सोडताना ताट घेऊन खाली बसा, सावकाश जेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नका.

५. ऊर्मी आली की आधी एक प्रश्न विचारा: शेवटचं कधी खाल्लं? चार तास उलटून गेले असतील तर ती खरी भूक आहे. ताट वाढा, बसा, जेवा. नुकतंच जेवण झालं असेल तर ती वेगळी भूक आहे. ती दुधासारखी वर येते आणि खाली बसते. बऱ्याचदा वीस-तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर पडा. ओट्यावर शेजारणीशी बोला, बहिणीला फोन लावा, गोधडीचे चार टाके घाला. दर वेळी जमणार नाही. दहातल्या तीन वेळा जमलं तरी ती कमाई आहे.

६. झालंच, तर दुसऱ्या दिवशी शिक्षा नको. हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळी उपाशी राहिलात, की पुन्हा तेच चक्र सुरू होतं. सकाळची अर्धी भाकरी चुकवायची नाही. काल काहीही झालेलं असो.

दवाखान्यात कधी जायचं?

आठवड्यातून अनेकदा असं होत असेल, खाल्ल्यावर घशात बोट घालून उलटी काढली जात असेल, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील, किंवा जगावंसं वाटत नसेल, तर वाट बघू नका. आशाताईंशी बोला किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारचा टेलि-मानस फोन १४४१६ चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची सक्ती नाही.

माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ती गोष्ट वेगळी. रक्त कमी असलं की असं होऊ शकतं. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

त्या ताईंचं काय झालं?

त्यांची मी माफी मागितली. वजनकाटा आता मी बैठकीत काढत नाही. त्या सकाळी अर्धी भाकरी खाऊनच कामाला जातात आणि रात्री मुलीबरोबर ताटावर बसतात. त्यांच्या कॅलेंडरवर आधी आठवड्याला चार-पाच टिंबं असायची. गेल्या महिन्यात, अख्ख्या महिन्यात, तीन होती. एक संकष्टीच्या रात्री, दोन नवऱ्याशी भांडण झालं तेव्हा. "भांडणाचं काय करायचं ते अजून कळलं नाही," असं त्या म्हणाल्या. त्यावर आम्ही दोघी अजून बोलतोय.

बैठकीत चर्चेसाठी

(कोणीही स्वतःचं सांगितलंच पाहिजे असं नाही. गटात बोललेलं गटाबाहेर जाणार नाही, हे सचिवताईंनी आधी सांगावं.)

- काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती वाजता काय खाल्लं? सगळ्यात मोठी खिंड कोणती?
- आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? का?
- "अधाशी", "भस्म्या" असं आपण कोणाला हसलोय का?
- पुढच्या संकष्टीला आपण काय वेगळं खाऊ शकतो?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने सकाळी काहीतरी खाऊनच यायचं. आल्याबरोबर मी तेच विचारणार आहे, आणि मी काय खाल्लं ते तुम्ही मला विचारायचं.

तुमची क्षेत्र समन्वयक