ज्याचं पान उघडलंच नाही, त्याचा आकडा कुठे?

मामा मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त होऊन बोर्डीला स्थायिक झालेत. भाची डहाणूला कॉम्प्युटर शिकते. तिने चिकूच्या वाड्यांसाठी एक ॲप बनवलंय. तोडणी झाली की मुकादमाने मजुराचं नाव आणि भरलेले क्रेट मोबाइलवर टाकायचे. आठवड्याची मजुरी त्यावरून निघते. ॲप फार रखडतं, अशी तक्रार आली आहे.

भाची : मामा, तक्रारीत काही दम नाही. मी मोजलंय. दोन सेकंदांत उघडतं.

मामा : कुठे मोजलंस?

भाची : घरी. माझ्या फोनवर.

मामा : म्हणजे घरच्या वायफायवर आणि नव्या फोनवर. मुकादमाकडे कुठला फोन आहे?

भाची : जुना. दोन जीबी रॅमचा.

मामा : आणि तो उभा कुठे असतो? कधी घोलवडच्या वाडीत, कधी तलासरीच्या आतल्या पाड्यात, जिथे रेंजची एक काडी येते आणि जाते. त्याच्या हातातलं ॲप तू अजून बघितलेलंच नाहीस. मोजणी दोन तऱ्हेची असते. क्रोममधलं लाइटहाउस चालवून, मुद्दाम मंद नेटवर्क लावून बघायचं, ती टेबलावरची मोजणी. दोष नेमका कुठे आहे हे तिच्यातून सापडतं. दुसरी वापरणाऱ्याच्या हातातली. प्रत्येक खऱ्या वापराला किती वेळ लागला हे ॲपनेच टिपायचं. फोनचं मॉडेल, नेटवर्क फोर-जी की टू-जी, ॲपची आवृत्ती, हेही सोबत. रेंज आली की ते गुपचूप पाठवून द्यायचं.

भाची : ते करीन. पण मला काळजी वेगळीच आहे. मुकादमाने नोंद भरली आणि ती पोचलीच नाही तर? एखाद्या बाईची दिवसाची मजुरी बुडेल.

मामा : येतो त्याच्यावर. आधी सांग, हे सगळे आकडे जमले की तू काय करशील?

भाची : सरासरी काढीन.

मामा : झालं! अगं, नऊ जणांना दोन सेकंद लागले आणि दहाव्याला तीस, तर सरासरी येते चार पूर्णांक आठ. चार पूर्णांक आठ सेकंद लागले कुणाला? एकालाही नाही. आमच्या कंपनीत मीटिंगमध्ये पडद्यावर सरासरी झळकायची, सगळे माना डोलवायचे. मी म्हणायचो, शेवटच्या दहा टक्क्यांचं दाखवा. मला म्हणायचे, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता. काचेच्या केबिनमध्ये बसून, वर्षाला फोन बदलणारी ती माणसं...

भाची : मामा, कंपनी राहू द्या. सरासरी नाही तर काय?

मामा : सगळ्या भेटी वेगाप्रमाणे ओळीने मांडायच्या. शंभर असतील तर पंचाहत्तराव्या जागेवरची बघायची, मग पंचाण्णवाव्या. गूगलही वेबसाइटला जोखताना पंचाहत्तरावीच धरतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. हा निकष मार्च २०२४ पासून आला, त्याआधी फक्त पहिल्या स्पर्शाचाच हिशेब होता. आणि वाचता वाचता मजकूर खालीवर उड्या मारता कामा नये.

भाची : हे कॉलेजात झालंय. पुढे?

मामा : झालंय म्हणजे पाठ झालंय. उशीर नेमका होतो कुठे, ते सांग.

भाची : फोटो जड असतात.

मामा : असतात. ते लहान करून वेबपी फॉरमॅटमध्ये टाक, विषय संपला. त्याहून मोठी गोष्ट खेपांची आहे. तालुक्याच्या कचेरीत कागद घेऊन जावं, तर म्हणतात झेरॉक्स आणा. झेरॉक्स नेली तर म्हणतात तिकीट लावा. कागद चिमूटभर, पण खेपा तीन. फोनचं तसंच आहे. आधी सर्व्हरचा पत्ता विचारायचा, मग त्याच्याशी जोडणी करायची, मग ती जोडणी सुरक्षित करायची. कामाचं एक अक्षर यायच्या आधी तीन फेऱ्या, जुन्या पद्धतीत चार. कच्च्या रेंजमध्ये एका फेरीला अर्धा सेकंद धर. आणि त्यानंतरही सर्व्हर पहिल्या झटक्यात साधारण चौदा किलोबाइटच पाठवतो. पुढचं पोच मिळाल्यावर. म्हणून नाव आणि क्रेटचा रकाना त्या पहिल्या चौदात बसव. बाकीची सजावट मागून येऊ दे.

भाची : आणि मराठी अक्षरं? देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं म्हणतात.

मामा : मजकुराची चिंता नको, तो दाबून पाठवला की आटोपशीर होतो. जड असतो तो फॉण्ट, कारण त्यात जोडाक्षरांचे आकारही भरावे लागतात. तू सुंदर फॉण्ट बाहेरून आणलायस ना? काढून टाक. फोनमध्ये देवनागरी असतेच.

भाची : काढते. पण ती नोंद...

मामा : थांब गं. फोनचा मेंदूही बघ. तुझी जावास्क्रिप्ट तुझ्या फोनवर झटकन चालते, दोन जीबीवाल्या फोनला तीच वाचताना घाम फुटतो. ॲण्ड्रॉइडमध्ये पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही, की फोन विचारतो, ॲप बंद करू का? प्ले स्टोअर हे सगळं मोजतं. रोज वापरणाऱ्यांपैकी ०.४७ टक्के लोकांवर ही पाळी आली तर ॲप बिघडलेलं समजतात. शिवाय एकेका मॉडेलचा वेगळा हिशेब असतो, तिथे मर्यादा आठ टक्क्यांची. एकूण आकडा झकास आणि एका स्वस्त मॉडेलवर बोंब, असं होऊ शकतं. म्हणून मॉडेलवार बघायचं.

भाची : म्हणजे आकडे बारकाईने पाहिले की सगळं कळतं.

मामा : इथेच माणसं फसतात. यूट्यूबमध्ये २००९ च्या सुमारास ख्रिस झकारायस नावाच्या इंजिनिअरने व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटवरून शंभर किलोबाइटच्या आत आणलं. आणि पान उघडायचा सरासरी वेळ वाढला!

भाची : हलकं करून वाढला?

मामा : वाढला. शोधल्यावर कळलं, आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरिया, इथली माणसं आता पहिल्यांदा येऊ लागली होती. हलकं पानसुद्धा त्यांना दोन-दोन मिनिटं घ्यायचं. आधीच्या पानाला वीस मिनिटं लागली असती, म्हणून ती मोजणीत नव्हतीच. जो कंटाळून निघून गेला, त्याचा आकडा तुझ्यापर्यंत येत नाही.

भाची : मग तो माणूस दिसणार कसा?

मामा : कधी कधी तो स्वतःच दाखवतो. मार्च २०२१ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर ॲप आणलं. आपल्या सेविकांकडचे फोन दोन जीबी रॅमचे, तापणारे, अडकणारे. आणि ॲप इंग्रजीत. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन सरकारला परत केले. लोक त्याला आंदोलन म्हणाले. मी म्हणतो, इतकी चोख मोजणी कुठल्या डॅशबोर्डला जमली नसती.

भाची : पण तिथे संघटना होती. माझा मुकादम एकटा आहे. आणि मजूर बाईच्या हातात तर फोनही नाही. नोंद हरवली तर तिला कळणार पण नाही.

मामा : बरं, ऐक. बटण दाबलं की नोंद आधी फोनमध्येच साठव, नेटवर्कची वाट बघू नकोस. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक दे. रेंज आली की ॲप ती पाठवेल. मध्येच तुटलं तर पुन्हा पाठवेल. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर त्याची दुसरी नोंद करणार नाही. सर्व्हरची पोच येईपर्यंत ‘फोनमध्ये आहे’ असं दाखव, आल्यावर ‘पोचली’. आणि बटण दाबल्यापासून पोच येईपर्यंतचा वेळ मोज. तुझ्या ॲपचा खरा वेग तो. पडदा किती लवकर रंगतो, तो नव्हे.

भाची : आणि पोच यायच्या आधीच फोन विहिरीत पडला तर?

मामा : तू एकाच जागी अडून बसतेस.

भाची : मजुरीचा प्रश्न आहे, मामा.

मामा : खरं आहे. या भागात तर जास्तच खरं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद भरली, ती वेठबिगारीविरुद्ध. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. त्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांनी ते सगळं लिहून ठेवलंय. राबायचं एकाने आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत, हेच इथलं जुनं दुखणं. तुझं ॲप म्हणजे आणखी एक दुसऱ्याची वही, हे विसरू नकोस.

भाची : तेच तर म्हणतेय. मग काय करू?

मामा : फोन विहिरीत पडला तर नोंद गेली. त्याला ॲपमध्ये इलाज नाही. मजुराच्या हातात कागदाची चिठ्ठी दे. तारीख, क्रेट, मुकादमाची सही.

भाची : मग ॲप कशाला बनवलं?

मामा : बेरीज करायला, पैसे वेळेवर काढायला.

भाची : थांबा... म्हणजे शनिवारी मजुरी वाटताना चिठ्ठ्या मोजायच्या आणि सर्व्हरवरच्या नोंदीही मोजायच्या. दोन्हींत जो फरक येईल, तेवढ्या नोंदी वाटेत अडकल्या किंवा भरल्याच गेल्या नाहीत. ॲप उघडलंच नाही म्हणून मुकादमाने नाद सोडला असेल, तर तेही त्यात येईल. सर्व्हरला जे कधीच दिसणार नाही, ते चिठ्ठीत दिसेल!

मामा : आता बोललीस. आणि मजुरी चिठ्ठीप्रमाणेच द्यायची, हे वाडीमालकाला आधी कबूल करून घे.

भाची : पहिल्या महिन्याचा फरक काढून तुम्हाला दाखवते.

मामा : दाखव. पण एकूण टक्केवारी घेऊन येऊ नकोस. कुठली वाडी, कुठला फोन, कुठला दिवस, असा मांडून आण.