दिवाळीची पोस्त

तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी वेल्हे नावाचे गाव आहे. पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडावा, पुढे नसरापूरकडे वळावे, मार्गासनी मागे टाकावी, म्हणजे आपण कानंदी नदीच्या खोऱ्यात येतो. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो. आश्विन महिन्यात भाताची खाचरे पिवळी होऊन वाऱ्यावर डोलू लागतात आणि याच दिवसांत दिवाळीचा सण येतो.

हे माझे गाव. आमचे शेत लहान होते. वर्षाचे धान्य त्यात पिकत नसे. म्हणून खोऱ्यातील इतर अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरचे एक माणूस पोटासाठी शहरात गेले होते. ते माणूस म्हणजे माझी आत्या. ती पुण्यास चार घरी धुणीभांडी करीत असे आणि तेथेच एका लहानशा खोलीत राहत असे. तिची मुलगी मात्र आमच्याकडे, आजीजवळ असे.

दिवाळी जवळ आली, की आम्हां मुलांचे डोळे पुण्याहून येणाऱ्या एस. टी.कडे लागत. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आत्या त्या गाडीतून उतरे. तिच्या पिशवीत गोडे तेल, साखर, मुलीसाठी परकराचे कापड आणि आमच्यासाठी लवंगी फटाक्यांची एखादी माळ असे. हे सारे कोठून येई? ज्या घरी ती काम करी, त्या घरांतून तिला दिवाळीची पोस्त मिळे. त्या पैशांवर आमच्या घरी दिवे लागत.

१९७९ सालची दिवाळी मला विशेष आठवते. धनत्रयोदशीला गाडी आली. आत्या आली नाही. नरकचतुर्दशीला आली नाही, लक्ष्मीपूजनालाही आली नाही. तिची मुलगी प्रत्येक गाडीच्या वेळी थांब्यापर्यंत जाई आणि एकटीच परत येई. पाडवा झाला, भाऊबीज झाली. वडिलांना ओवाळायला त्यांची बहीण आली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या दारात उभी राहिली. तिच्या पिशवीत तेल होते, साखर होती, कापडही होते. मुलीने ते कापड हातात घेतले, पाहिले आणि म्हणाली, “आता कशाला ग आई? दिवाळी तर झाली!”

आत्याला उशीर का झाला, हे तिने रात्री आजीला सांगितले. दोन घरी तिला पोस्त वेळेवर मिळाली होती. उरलेल्या दोन घरी मात्र “भाऊबीज होऊ दे, मग ने, पैसे काय कुठे पळून जातात?” असे सांगण्यात आले. मिळालेल्या पैशांतून दुकानाची मागची उधारी फिटली. मग रिकाम्या हाताने घरी कसे यावे, म्हणून ती थांबली. ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी पुढे सारी रक्कम दिली, एक रुपयाही कापला नाही. परंतु आपल्या घरच्या फराळाच्या गडबडीत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. जी बाई आपल्या घरची भांडी घासते आहे, तिच्याही घरी आज सण आहे, हीच ती गोष्ट.

त्याच दिवाळीतली आणखी एक हकीकत सांगतो. वसुबारसेच्या संध्याकाळी आमची गुरे राखणारा मुलगा दिवा घेऊन गाईला ओवाळायला आला. घरात पैसा नव्हता. वडील त्याला म्हणाले, “उद्या माझी बहीण येईल, मग तुझी पोस्त देतो.” आजीला ते रुचले नाही. ती आत गेली. तिने सुपात दोन शेर तांदूळ घातले, वर खोबऱ्याची वाटी ठेवली आणि ते सूप मुलापुढे धरून म्हणाली, “बाळा, वर्षभर माझी गाय रानातून सांभाळून आणलीस. घे, ही तुझी पोस्त.” मुलगा गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, “उद्याचा काय भरवसा? त्याचा सण आज आहे.” दुसऱ्या दिवशी आत्या आली नाही, तेव्हा आजीच्या बोलण्याचा अर्थ आम्हां सर्वांना कळला.

मुलांनो, ही पोस्त म्हणजे नेमके काय? वर्षभर आपले काम करणाऱ्या माणसाला ठरलेल्या पगाराखेरीज सणाच्या निमित्ताने जे द्यावयाचे, ती पोस्त. ती भीक नव्हे आणि दानही नव्हे. दान आपण अनोळखी माणसालाही देतो. पोस्त मात्र ज्याने आपल्यासाठी हात झिजविले आहेत, त्यालाच मिळते. म्हणून देणाऱ्याने उपकार केल्याचा भाव आणू नये आणि घेणाऱ्याने मान खाली घालू नये.

ही चाल एकट्या शहराची नाही. जुन्या काळी आपल्या खेड्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांसारखे बलुतेदार असत. शेतकऱ्याची कामे ते वर्षभर करीत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे. त्यालाच बलुते म्हणत. सणावारी आणखी काही हक्क मिळत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे.

परंतु या व्यवस्थेला एक काळी बाजूही होती. काहींच्या कामाला सीमा नव्हती आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता. महार वतनदारांना सरकारचे आणि गावाचे काम रात्रंदिवस करावे लागे. त्यांच्या घरची माणसेही त्यात राबत. याबद्दल त्यांच्या पदरात काय पडावे, हे इतर लोक ठरवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. हा लढा दीर्घकाळ चालला. अखेर १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा कायदा झाला. यातून आपण काय शिकावे? श्रमाचे मोल ठरलेले असावे. ते कोणाच्या लहरीवर सोडले, तर देणारा मोठा होतो आणि राबणारा लहान होतो.

कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत हेच तत्त्व पुढे कायद्यात आले. दिवाळीच्या सुमारास मिळणाऱ्या या रकमेला तेथे बोनस म्हणतात. १९६५ साली भारतात बोनसचा कायदा झाला आणि वर्षाच्या पगाराच्या निदान ८.३३ टक्के बोनस द्यावा, असे त्यात पुढे ठरले. हा आकडा असा विचित्र का, असे तुम्हांला वाटेल. शंभराला बाराने भागून पाहा, म्हणजे उलगडा होईल. वर्षाचे महिने बारा, तेव्हा ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा पगार! २०१९ च्या वेतन संहितेतही हेच प्रमाण राखले आहे. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातले. त्यांनाही दिवाळीला गिऱ्हाइकांकडून एका महिन्याचे जादा पैसे मिळण्याची रीत आहे. साता समुद्रांपलीकडे इंग्लंडातही अशीच चाल होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, तेथील लोक नोकरांना आणि फेरीवर येणाऱ्या कामकऱ्यांना भेट देत. त्या दिवसाला ‘बॉक्सिंग डे’ हे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात.

बोनसचा कायदा वीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या संस्थांना लागू होतो. घरी एकटीच येऊन भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही. १९८० साली पुणे शहरातील मोलकरणींनी संप केला. ज्या स्त्रिया कधी वर मान करून बोलल्या नव्हत्या, त्या रस्त्यावर आल्या. माझी आत्याही त्या दिवसांत कामावर गेली नाही. “आम्ही पैशांसाठी गेलो, हे खरे,” ती नंतर म्हणाली, “पण आमचेही काम हे काम आहे, एवढे लोकांनी म्हणावे, म्हणूनही गेलो.” पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ नेमण्याचा कायदा झाला. तरीही दिवाळीची पोस्त वेळेवर आणि सन्मानाने देणे, हे आजही घरातील माणसांच्या समजुतीवरच अवलंबून आहे. म्हणून ती समज आपल्या अंगी असावयास हवी.

पहिली गोष्ट वेळेची. पोस्त सणाच्या आधी, शक्य तर वसुबारसेपूर्वीच द्यावी. ज्याला गावी जावयाचे आहे, त्याला गाडी कधी आहे, हे आपण होऊन विचारावे. सण उलटल्यावर दिलेल्या दहा रुपयांपेक्षा सणाआधी दिलेले पाच रुपये अधिक कामी येतात.

दुसरी गोष्ट मापाची. नित्य काम करणाऱ्यास एका महिन्याच्या पगाराइतकी पोस्त द्यावी, अशी अनेक घरांतून रीत आहे. कोणी सहाच महिने काम केले असेल, तर त्या मानाने निम्मी द्यावी. आपली ऐपत कमी असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. माणसे समजून घेतात. पण पूर्वी दिलेली उचल पोस्तमधून परस्पर कापून घेऊ नये आणि पोस्त दिली म्हणून पगार किंवा रजा यांत काटकसर करू नये. पगार हा पगार आणि पोस्त ही पोस्त.

तिसरी गोष्ट देण्याच्या रीतीची. पैसे उंबऱ्याबाहेर ठेवू नयेत, हातात द्यावेत. जुने कपडे अवश्य द्यावेत, परंतु ते पोस्त म्हणून मोजू नयेत. फराळ द्यावयाचा तो आपण खातो त्याच डब्यातला, ताजा द्यावा. चार दिवसांनी मऊ पडलेला चिवडा देऊन कोणाचा सण गोड होत नाही.

आणि चौथी गोष्ट विसर न पडण्याची. स्वयंपाकघरात रोज दिसणारी बाई आपल्याला आठवते. पण पहाटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, जिना झाडणारा, रात्री पहारा करणारा, खेड्यात गुरे राखणारा, हे आपण झोपेत असताना किंवा शाळेत असताना काम करून जातात. त्यांची आठवण ठेवावी लागते. येथे एक भेद मात्र ओळखावा. कचेरीतील आपले काम व्हावे म्हणून सरकारी नोकराच्या हातावर पैसे ठेवणे, ही पोस्त नव्हे. ती लाच होय. पोस्त होऊन गेलेल्या श्रमांची आठवण म्हणून देतात. पुढच्या कामाची किंमत म्हणून नव्हे.

१९८० च्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा थांब्यावर गेलो. गाडीचे दिवे वळणावर दिसले. आत्या उतरली. तिच्या मुलीने पिशवी घेण्याआधी तिचा हात धरला. घरी आल्यावर पाय धुता धुताच आत्याने आजीला विचारले, “आई, गुराख्याच्या पोराला पोस्त दिलीस का?”

आजी हसली. सूप रिकामे होऊन केव्हाच भिंतीला टेकले होते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) १९७९ साली आत्या भाऊबीजेनंतर का आली?
(आ) पोस्त आणि दान यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे?
(इ) ८.३३ टक्के या आकड्याचा अर्थ उदाहरण घेऊन स्पष्ट करा.

२. “पैसे काय कुठे पळून जातात?” आणि “त्याचा सण आज आहे.” ही दोन वाक्ये कोणी, कोणास उद्देशून म्हटली? त्यांतून दिसणारा विचारांतील फरक सांगा.

३. ‘हात झिजविणे’, ‘पदरात पडणे’, ‘डोळे लागणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या घरासाठी, वाड्यासाठी किंवा वस्तीसाठी वर्षभर काम करणाऱ्या माणसांची यादी करा. त्यांतील कोणाचे काम तुम्ही कधी पाहिले नाही, ते शोधून काढा आणि त्याविषयी घरातील वडील माणसांशी बोला.