सकाळची सिस्टर, रात्रीची सिस्टर

दवाखान्याच्या पिशवीत लंगोट, दुपटी, टोपडी सगळ्याच भरतात. तू एक छोटी वही आणि पेनही टाक. ज्या बाळंतिणीच्या उशीशी वही असायची, तिच्याशी आम्ही वॉर्डातल्या सिस्टरही जरा जपून बोलायचो. आता निवृत्त झालेय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

काय होणार ते आधीच ऐकून ठेव. सकाळची सिस्टर म्हणेल, ‘मागेल तेव्हा अंगावर घे.’ रात्रीची म्हणेल, ‘दर दोन-तीन तासांनी उठवून पाज.’ बाळाचे डॉक्टर राउंडला येऊन ‘वरचं काही देऊ नका’ म्हणतील आणि ते जिना उतरेपर्यंत कुणीतरी ‘दूध पुरत नाहीये, पावडरीचा डबा आणा’ म्हणेल. त्यात भेटायला आलेली एखादी आजी मधाचं बोट पुढे करेल. मध मात्र वर्षभर नाहीच, त्यावर चर्चाही नको. बाकीच्यांचा राग धरू नकोस. पाळी बदलते, प्रत्येकीनं बाळ आपल्यापुरतं पाहिलेलं असतं. त्या दोन सिस्टरचंच बघ. सुरुवातीचे दिवस काही बाळं नुसती झोपून राहतात, त्यांना उठवावंच लागतं. मागून घेणाऱ्याला घड्याळ कशाला? दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं झालं की दोघींचंही खरं.

म्हणून ‘खरं कुणाचं?’ असं विचारूच नकोस. ‘माझ्या बाळात काय दिसलं म्हणून सांगताय?’ असं विचार. उत्तरात वजन, साखर, कावीळ असं काही आलं तर नीट ऐक आणि कर. ‘रडतंय ना’ एवढंच उत्तर आलं, तर बाळाला उघडं करून छातीवर घे आणि पुन्हा पाज. दुसऱ्या रात्री बहुतेक बाळं सारखी अंगावर मागतात. त्या रात्रीच घरोघरी डबे फुटतात.

पहिल्या दिवशी चीक येतो तो एका वेळी चमचा-दीड चमचा. बाळाचं पोटही तेवढंच, त्यामुळे पुरतो. वजन उतरतं, त्यानंही घाबरू नकोस. तीन किलोचं बाळ दोन किलो आठशेवर आलं तर ते नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत भरून निघतं. तीनशे ग्रॅमच्या आसपास घट गेली, तर मात्र कुणालातरी शेजारी बसवून पाजताना बघायला लाव. तोंडात नुसतं बोंड आहे की भोवतालचा काळा भागही गेलाय, हनुवटी टेकलीय का, गिळल्याचा आवाज येतोय का, हे दारातून बघून कळत नाही.

वहीत शू आणि शी मांडत जा. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट भिजायला हवेत. ‘दूध नाही हिला’ म्हणणाऱ्या माणसापुढे ते पान धर.

वरचं खरंच लागलं तर लाजू नकोस. आधी तुझंच दूध पिळून वाटी-चमच्यानं द्या म्हण. मग दूधपेढी आहे का विचार. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली पहिली काढली, आता इतरही ठिकाणी आहेत. डबाच द्यायचा ठरला तर किती मिली आणि कधीपर्यंत, ते फाइलवर लिहून घे. कुणी फुकट नमुना हातात ठेवला तर परत कर. १९९२ च्या कायद्यानं कंपन्यांना ते करताच येत नाही.

आता टोचाटोची. घरचे म्हणतील, ‘एवढुशा जिवाला कशाला?’ त्यांचं ऐकू नकोस. टाचेतून रक्त घेतात त्यातली थायरॉइडची तपासणी चुकवायचीच नाही. थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला अगदी छान असतं, पण गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली नाही तर मेंदूचं नुकसान होतं. रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांत द्यावं. जन्मल्याबरोबर या तपासणीतला आकडा सगळ्यांचाच चढलेला असतो, म्हणून फार लवकर घेतलं तर उगाच घाबरगुंडी होते. त्याआधीच घरी सोडत असतील, तर परत कधी आणायचं ती तारीख घे. टोचताना बाळाला अंगावर घेऊ देता का, तेही विचार, कमी रडतं.

साखर सगळ्यांची बघत नाहीत. आईला मधुमेह असेल, बाळ दिवसांआधी आलेलं, फार लहान किंवा फार मोठं असेल, तर बघतात. थोडी कमी आली तर ‘पाजून पुन्हा बघू या का?’ असं विचारता येतं. बाळ मलूल असेल, थरथरत असेल, तर विचारत बसू नकोस; सांगतील ते लगेच होऊ दे. कानाच्या तपासणीत पहिल्यांदा ‘पुन्हा आणा’ म्हणाले तर बहुधा कानात पाणी असतं, पण पुन्हा न्यायचंच.

कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली तर रात्री दोन वाजले असले तरी बेल दाब. नंतरची असेल तर आकडा विचार. कोवळं ऊन हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि निळ्या लाइटखाली ठेवलं म्हणून पाजणं थांबत नाही, तेवढ्यापुरतं बाळ बाहेर काढून मागायचं.

जावईबापूंना एक काम दे. घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी जन्माचं वजन, आजचं वजन, झालेल्या तपासण्या, राहिलेल्या तपासण्या आणि रिपोर्टसाठी फोन कुणाला करायचा, हे कागदावर घ्यायला सांग. आणि पुढचं वजन जमेल तर त्याच काट्यावर करा. दोन काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि त्या शंभर ग्रॅमवरून घरात पुन्हा डब्याचा विषय निघतो.